उसन्या पात्रांवरचा राग

हिंजवडीतल्या कंपन्यांची सहल बहुधा ठरलेली असते. एक्स्प्रेस-वेनं लोणावळा मागं टाकायचं, घाट उतरायचा आणि खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कात दिवस घालवायचा. मग आठवडाभर फेज वनच्या चहाच्या टपऱ्यांवर राइडच्या गप्पा चालतात. त्या गप्पांत एक मत हल्ली सारखं कानावर येतं. एक गृहस्थ तर ते वेदवाक्य असल्यासारखं ऐकवतात. मत असं, की थीम पार्कनं स्वतः जन्माला घातलेलीच पात्रं ठेवावीत. विकत किंवा भाड्यानं आणलेली पात्रं म्हणजे कल्पनेची दिवाळखोरी. इमॅजिकाचा स्वतःचा टब्बी हत्ती चालेल, ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो नको आणि छोटा भीम तर नकोच नको. पुरावा डिस्नेचा. त्यांनी २००६ मध्ये पिक्सार घेतलं, २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये स्टार वॉर्सवाली लुकासफिल्म, आणि तेव्हापासून त्यांची पार्कं बाटली. ‘बाटली’ हा शब्द त्यांचाच.

मला या मताची चीड आहे. ते ज्या सोवळेपणाचा दाखला देतं तो सोवळेपणा कधी नव्हताच.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्याच्या परीकथांच्या भागात सुरुवातीच्याच राइड होत्या स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि मिस्टर टोड यांच्या. स्नो व्हाइट जर्मन लोककथेतली, पीटर पॅन जे. एम. बॅरी यांचा, मिस्टर टोड केनेथ ग्रॅहम यांच्या पुस्तकातला. तिघेही बाहेरचे! आणि ज्या मिकीच्या कानांची टोपी घालून माणसं त्या पार्कांत फिरतात, त्या घरच्या पोराला स्वतःची राइड मिळाली थेट २०२० मध्ये, तीही फ्लोरिडात. १९२८ मध्ये जन्मलेलं पात्र. पासष्ट वर्षं उसन्या पात्रांनी पार्क गाजवलं आणि मिकी दारात उभा राहून लोकांशी हात मिळवत राहिला.

मिकीच्या आधीची गोष्ट तर या गृहस्थांनी मुद्दाम वाचावी. १९२७ मध्ये वॉल्ट डिस्नेंनी ऑस्वाल्ड नावाचा ससा काढला. डोकं त्यांचं, मेहनत त्यांची, पण हक्क युनिव्हर्सलकडे. १९२८ मध्ये ससा हातचा गेला आणि त्या धक्क्यातून मिकी आला. ऑस्वाल्ड घरी परतला २००६ मध्ये, आणि तोही कसा? डिस्नेच्या दूरचित्रवाहिनीनं आपला एक क्रीडा समालोचक प्रतिस्पर्धी वाहिनीला दिला, त्या सौद्यात ससा मिळाला. आता सांगा, मधली अठ्ठ्याहत्तर वर्षं तो ससा अस्सल होता की परका? कागद फिरला म्हणून सशाचे कान बदलले का?

कागदावर पात्राची जात ठरवायची म्हटली की असे घोळ जागोजागी होतात. स्टार वॉर्सची राइड डिस्नेलँडमध्ये १९८७ पासून होती, म्हणजे विकत घेण्याच्या पंचवीस वर्षं आधीपासून, नुसत्या परवान्यावर. भाड्यानं होतं तोवर लाडकं, मालकीचं झाल्यावर घुसखोर! २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘टॉवर ऑफ टेरर’ बदलून तिथं मार्व्हलचे ‘गार्डियन्स’ आणले, तेव्हा चाहत्यांनी अस्सल गेलं म्हणून आकांत केला. मलाही तो बदल आवडलेला नाही. पण तो टॉवर ‘ट्वायलाइट झोन’ या दुसऱ्याच्या टीव्ही मालिकेवर उभा होता, तोही परवान्यानं. गेला तो भाडेकरू आणि आला तो घरमालक.

आणि टोकियो? या गृहस्थांच्या मोबाइलवर टोकियो डिस्नेसीचे फोटो आहेत, जगातलं सर्वांत शुद्ध पार्क म्हणून ते दाखवतात. ते पार्क आणि १९८३ चं टोकियो डिस्नेलँड, दोन्ही ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीची. ती कंपनी डिस्नेला रॉयल्टी भरते. मिकीसुद्धा तिचा नाही. यांच्या नियमानं त्या पार्काला टाळं लावायला हवं.

हा वाद मराठीला नवा नाही. रूपांतरित नाटक श्रेष्ठ की स्वतंत्र, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाई सांडली आहे. ‘संशयकल्लोळ’ फ्रेंच प्रहसनातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलं. तरी फाल्गुनराव पगडी सावरत, बायकोवर संशय घेत रंगमंचावर आला की तो पुण्याच्या पेठेतलाच असतो. परक्या कथेवर आपलं नाटक उभं राहत नाही असं ठासून सांगणारे लेख लिहिले गेले, त्यांच्या लेखकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. 

उरलेले मुद्दे किरकोळ आहेत. विकतची पात्रं लवकर शिळी होतात म्हणे. अमरीश पुरींचा मोगॅम्बो १९८७ चा आहे आणि तेव्हा ज्यांचे आईबापही शाळेत होते ती पोरं आज त्याची नक्कल करतात. रॉयल्टीनं तिकीट महागतं म्हणे, जणू घरचं पात्र लोकांच्या ओळखीचं करायला पैसा लागत नाही.

इमॅजिकातलंच पाहा. तिथली अलिबाबाची राइड या गृहस्थांना चालते, कारण अलिबाबा कुणाच्या मालकीचा नाही. पण अलिबाबा ‘अरेबियन नाइट्स’मध्येही मागून आला. १७०९ मध्ये पॅरिसमध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाबनं ही गोष्ट फ्रेंच भाषांतरकार गालाँला सांगितली आणि त्यानं ती ग्रंथात घातली. तीनशे वर्षांत घरची झाली.

‘मिस्टर इंडिया’ची राइड मला थोडी कमी वाटते, हे मी मान्य करतो. पण त्यात मोगॅम्बोचा दोष नाही. तिथं आपण हलत्या खुर्चीत बसून पडदा पाहतो, आणि पडदा तर थिएटरातही असतो. याउलट राजासॉरसची राइड. राजासॉरस ना टब्बीसारखा घरी काढलेला, ना छोट्या भीमासारखा बाहेरून आणलेला. त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत सापडली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं, त्यात नर्मदाही घातली. कपाळावर बुटकं, गोलसर शिंग असलेला हा मांसाहारी डायनासोर इथल्याच मातीत वावरला. इमॅजिकात आपण होडीत बसतो, अंधारात शिरतो, तो अंगावर येतो आणि शेवटी होडी खाली कोसळून पाण्याचा लोट कपड्यांवर येतो. भिजलेला माणूस मालकी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पात्र निवडताना त्याच्यामुळं राइडमध्ये बसणाऱ्याला काय अनुभवायला मिळणार आहे, हे विचारा. मला हवा आहे फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, संकटात ‘ट्टॉक्’ करणारा. त्याच्यावर मालिका झाली, २०१७ मध्ये सिनेमा झाला, राइड नाही झाली. सायकलच्या सीटवर बसवून, हॅण्डल हातात देऊन, पुण्याच्या बोळांतून चोराच्या मागं पळवणारी राइड मराठी पोरांना का मिळू नये? तो कुठल्या पार्काच्या पोटी जन्मलेला नाही. या गृहस्थांचा नियम पाळला तर तो कधीच आत येणार नाही. त्याला आणायचं तर हक्क विकत घ्यावे लागतील, आणि पैसे त्याच्या लेखकाच्या वारसांना मोजावे लागतील. ते मोजलेच पाहिजेत.