मे महिन्यात चेन्नई?

मे महिन्यात आम्ही चेन्नईला निघालोय हे कळायचा अवकाश, पुण्याचे साडू फोनवर कडाडले, "अहो, घामानं निथळाल! डिसेंबरात जा की."

डिसेंबरात! मास्तराला तेव्हा रजा कोण देतो? सुट्टी उन्हाळ्यातच. त्यात विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात. का? तर ऊन! म्हणजे जी भट्टी सरकारलाही मान्य, तिच्यात आम्ही मुकाट्यानं बसायचं!

अहेरीचं ऊन ४५ अंशांना टेकलं तरी कोरडं असतं. कूलरचं पाणी उडतं, खोली गारवते. समुद्रकाठची हवा मुळातच ओली. तिथे कूलर नुसता वारा घालतो आणि घाम अंगावरच मुक्काम करतो. हे सगळं ठाऊक आहे हो! पण पोरांनी प्राणहिता पाहिलीय, समुद्र नाही. आणि बल्लारशाहला ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट चेन्नई.

शिवाय उन्हाचं एवढं कौतुक कुणाला सांगता? इथे याच मे महिन्यात माणसं पहाटेच जंगलात शिरून तेंदूपानं तोडतात, मग बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. त्यांना नाही कुणी डिसेंबर सुचवत.

तिकिटं काढली आहेत. पंचे तेवढे चार जास्त घेतोय.