बंद पडलेल्या पट्ट्याचे अर्थशास्त्र

मनगटावर बांधायचा, पावले आणि नाडीचे ठोके मोजणारा फिटनेस बँड चार्ज होईनासा झाला, की त्यासोबत आलेली पुस्तिका मालकाला चार-पाच कामे सांगते. पिना पुसा, केबल बदलून पाहा, बटन दाबून धरा, थोडा वेळ थंड जागी ठेवा. एवढ्यानेही भागले नाही तर सेवाकेंद्राला कळवा. पुस्तिका येथे संपते. बॅटरी कशी बदलावी हे तीत नसते, कारण ती बदलता येऊ नये अशीच त्या वस्तूची घडण केलेली असते. दोष कोठे आहे हे शोधण्याचे सारे श्रम ग्राहकाचे, आणि सापडलेला दोष दूर करण्याचा अधिकार मात्र उत्पादकाचा, अशी ही विभागणी आहे. तिचे मूळ तंत्रज्ञानापेक्षा बाजारातील सत्तेत अधिक आहे.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या या खेळण्याची चिंता श्रमिकांच्या चळवळीने कशाला वाहावी, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु याच जातीचे यंत्र गेल्या काही वर्षांत सफाई कामगारांच्या मनगटावर सक्तीने बांधले गेले, आणि तेथे चार्ज न होण्याचा अर्थ हजेरी बुडणे असा होतो. त्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी यंत्राची नीट तपासणी होणे आवश्यक आहे. कारण बिघाड कोणाच्या हातचा आणि कोणाच्या हाताबाहेरचा, हे कळल्याखेरीज जबाबदारी कोणाची हे ठरवता येत नाही.

पट्ट्याच्या पाठीवर धातूचे दोन किंवा अधिक ठिपके असतात आणि चार्जरच्या पिना त्यांना टेकतात. पहिला संशय येथेच घ्यावा. घामातील क्षार, साबण, तेल यांचा थर त्या ठिपक्यांवर बसतो आणि वीज अडते. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर थोडेसे घेऊन, अथवा दात घासण्याच्या मऊ, कोरड्या ब्रशाने हा थर काढता येतो. टाचणीने किंवा पॉलिशपेपरने खरवडण्याचा मोह टाळावा. ठिपक्यांवरील मुलामा अतिशय पातळ असतो, तो एकदा गेला की खालचा धातू गंजू लागतो. चार्जरच्या पिनांखाली बारीक स्प्रिंग असते. एखादी पिन आत अडकून बसली तर वरून सारे ठीक दिसते आणि वीज मात्र पोचत नाही.

त्यानंतर केबल. ती चार्जरच्या डबीपाशी वाकून आतल्या आत तुटते. हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच बनावटीचा दुसरा चार्जर लावून पाहणे. पण येथेच पहिली अडचण उभी राहते. शेजाऱ्याकडे पट्टा असला तरी त्याचा चार्जर बहुधा याला बसत नाही. पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन पट्ट्यांचे चार्जरही एकमेकांना चालत नाहीत. वीज कोठून घेतली जाते हेही पाहावे लागते. पट्टा इतका थोडा प्रवाह ओढतो की काही पॉवर बँक आपल्याला काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद होतात. अशा वेळी भिंतीवरचा साधा पाच व्होल्टचा अडॅप्टर वापरला की तक्रार मिटते.

महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या पट्ट्याची गोष्ट निराळी. त्याच्या बॅटरीचे व्होल्टेज इतके उतरते की आतले संरक्षक सर्किट तिला तोडून ठेवते आणि पडदा काळा राहतो. चार्जरवर तासभर ठेवल्यास तो कधी कधी शुद्धीवर येतो. मग बटन दाबून धरून पुन्हा सुरू करून पाहावे. साधारणतः शून्य अंशाखाली आणि ४५ अंशांवर लिथियमची बॅटरी चार्ज करू नये, म्हणून बहुतेक यंत्रे त्या मर्यादेबाहेर स्वतःच नकार देतात. आणि पडदा चौकटीतून वर उचललेला दिसला, पाठ फुगली, तर सारे उपाय तात्काळ थांबवावेत. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जरला लावू नये.

घरच्या घरी करता येण्यासारखे एवढेच. यातून जे बिघाड उरतात त्यांतला प्रमुख म्हणजे बॅटरीचे म्हातारपण. अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती लक्षणीय घटते. आठवड्यातून एकदा चार्ज होणारा पट्टा त्यामुळे काही वर्षे टिकतो; रोज रात्री चार्ज करावे लागणारे घड्याळ दीड वर्षात त्या टप्प्याला येते. हा बिघाड पूर्णपणे अपेक्षित असतो. कारखान्यातून वस्तू बाहेर पडते त्या दिवशीच तिचा शेवट साधारण केव्हा होणार हे उत्पादकाला ठाऊक असते. असे असताना ती गोंदाने कायमची बंद करायची, बॅटरी सुटी विकायची नाही आणि चार्जरचा आकार दर खेपेला बदलायचा, याला अपघात कसे म्हणावे?

अर्थशास्त्राला हे कोडे नवीन नाही. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराला त्याच्याच मालाची भीती असते. आज विकलेली वस्तू उद्याच्या गिऱ्हाइकाला बाजारातून उठवते, त्यामुळे टिकाऊपणा कमी करणे हा त्याच्या बचावाचा एक मार्ग ठरतो. जेरेमी ब्यूलो यांनी १९८६ मध्ये हाच धागा पुढे नेऊन नियोजित कालबाह्यतेचे गणित मांडले. व्यवहार मात्र सिद्धांताच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आदी विजेचे दिवे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापन केला, दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि ज्या सभासदाचे दिवे अधिक काळ जळतील त्याला दंड ठोठावला. आजच्या उत्पादकाला असल्या गुप्त कराराचीही गरज उरलेली नाही. गोंदाची एक नळी पुरते.

याला एक ठरलेले उत्तर दिले जाते. पट्टा घामात, पावसात, आंघोळीत वापरला जातो. पाणी आत शिरू नये म्हणून तो बंद करावाच लागतो. हा युक्तिवाद वरकरणी पटतो, पण घड्याळांच्या इतिहासापुढे टिकत नाही. पाणबुड्यांची घड्याळे फिरकीचे झाकण आणि रबरी कडे यांच्या आधारावर अनेक दशके समुद्रात उतरत आली. सेलवर चालणाऱ्या साध्या मनगटी घड्याळाचा सेल कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत काचेच्या पेटीमागे बसलेला कारागीर दहा मिनिटांत बदलून देतो. एचएमटीचे घड्याळ वडिलांकडून मुलाकडे आले ते त्याचे सुटे भाग आणि ते बसविणारी माणसे गावोगाव होती म्हणून. (तो सार्वजनिक उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, तेव्हा कोणाला फारसे दुःख झाल्याचे दिसले नाही.) पाण्यापासून संरक्षण आणि उघडण्याची सोय या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. त्यासाठी वस्तू किंचित जाड होईल, काही रुपयांनी महाग होईल, आणि पुढची वस्तू उशिरा विकली जाईल. खरी अडचण शेवटची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीरपणे घेण्यासारखा आहे. हजार-दोन हजार रुपयांच्या वस्तूची दुरुस्ती परवडते कोणाला? श्रम महाग असलेल्या देशांत हा हिशेब काही अंशी खरा असेल. भारतात परिस्थिती उलट आहे. येथे मोबाइल दुरुस्त करणारी कुशल तरुण मुले प्रत्येक एसटी स्टँडाबाहेर टेबल मांडून बसलेली आहेत. त्यांच्या हाताला कौशल्य आहे, नाही तो सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा. दुरुस्ती हा श्रमप्रधान व्यवसाय आहे. तिच्यावर खर्च होणारा रुपया बहुतांशी गावातच मजुरी म्हणून राहतो. नव्या पट्ट्यावर खर्च होणारा रुपया दुकानदाराची दलाली वगळता गावाबाहेर आणि बव्हंशी देशाबाहेर जातो. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. ते यंत्र चालविणाऱ्या बाईला उघडता येते, तेल घालता येते, पट्टा तुटला तर बदलता येतो, ही गोष्ट या संदर्भात विसरता कामा नये.

बॅटरीचे गुपित उत्पादकाच्या हाती एकवटले की काय होते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. फिटबिट या कंपनीचे आयोनिक नावाचे घड्याळ २०१७ मध्ये बाजारात आले. त्याची बॅटरी तापते आणि मनगट भाजते, अशा तक्रारी कंपनीकडे येत राहिल्या. २०२० च्या आरंभी कंपनीने आतील प्रणालीत दुरुस्ती पाठविली, पण तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर मार्च २०२२ मध्ये सुमारे सतरा लाख घड्याळे परत मागविण्यात आली. त्यांपैकी दहा लाख अमेरिकेतली होती आणि तेथे भाजल्याच्या ७८ घटनांची नोंद होती. ही माहिती वेळेवर सरकारला कळविली नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाने एक कोटी साडेबावीस लाख डॉलरचा दंड जाहीर केला. मध्यंतरी, २०२१ मध्ये, गूगलने हीच कंपनी २१० कोटी डॉलर मोजून ताब्यात घेतली होती.

आता आपल्याकडील कामगारांकडे वळावे. नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे बांधली. २०२० मध्ये चंडीगडने तोच मार्ग धरला. कामगार कोठे आहे हे नियंत्रण कक्षातील पडद्यावर ठिपक्याच्या रूपाने दिसावे आणि त्यावरून त्याची हजेरी लागावी, अशी ही योजना. कामगारांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या: घड्याळ बंद पडले की पगार कापला जातो, ते घरी नेऊन स्वतःच्या विजेवर चार्ज करावे लागते, आपण कामावर नसतानाही ते आपल्याला पाहते-ऐकते, ही धास्ती स्त्रियांच्या मनातून जात नाही. हे कामगार बहुसंख्येने दलित समाजातील आहेत. शहराची घाण उपसणाऱ्या माणसाला हातमोजे आणि बूट वेळेवर मिळत नाहीत, पण पाळतीचे घड्याळ मात्र न चुकता मिळते, यातच प्रशासनाचा अग्रक्रम दिसतो.

या घड्याळाला वर केलेली तपासणी लावून पाहावी. जीपीएस आणि सिमकार्ड यांमुळे त्याची बॅटरी रोज रिकामी होते, म्हणजे म्हातारपण लवकर येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास दिवसभर तापलेली बॅटरी त्याहूनही लवकर निकामी होते. घाम आणि कचऱ्यातील ओल यांनी ठिपके गंजतात. चार्जर वेगळ्याच आकाराचा असेल, तर वस्तीतल्या कोणत्याही दुकानात तो मिळत नाही. यांतले एकही कारण कामगाराच्या हातचे नाही. तरी पडदा काळा झाला की गैरहजर ठरतो तो माणूस. घड्याळ पुरविणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलात त्या दिवसाची कपात होत नाही.

कायद्याच्या आघाडीवर जगात काही हालचाल झाली आहे, पण मनगटापर्यंत ती पुरती पोचलेली नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, हेडफोन इत्यादींना एकच चार्जर सक्तीचा केला. घड्याळे आणि पट्टे त्या यादीत नाहीत. २०२३ च्या युरोपीय बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून लहान बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः बदलता आल्या पाहिजेत, परंतु मुख्यतः पाण्यात वापरायच्या वस्तूंना त्यात पळवाट आहे. कॅलिफोर्नियाचा २०२३ चा कायदा सुटे भाग तीन किंवा सात वर्षे पुरविण्याचे बंधन घालतो, तेही पन्नास डॉलरच्या वरच्या वस्तूंनाच. आपल्याकडे विकले जाणारे स्वस्त पट्टे त्या रेषेच्या खालीच राहिले असते.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये समान चार्जरबाबत उद्योगांची बैठक घेतली, अंगावर घालायच्या उपकरणांसाठी उपगट नेमण्याचे ठरविले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळावर माहिती मिळते. सुटा भाग न देणाऱ्याला शिक्षा कायद्यानेच होते. असे करता येते याला देशातच आधार आहे. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या चौदा कंपन्यांना स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला होता. त्याविरुद्ध अपिले झाली, हे खरे. पण विकणाऱ्याने दुरुस्तीची बाजारपेठही आपल्याच मुठीत ठेवणे हा स्पर्धाकायद्याचा भंग ठरू शकतो, हा विचार या देशाच्या एका वैधानिक संस्थेने तेव्हा मांडला. मोटारीला जे तत्त्व लागू, ते पट्ट्याला का नसावे?

नवा कायदा होईपर्यंत महापालिकांतील पक्षाच्या नगरसेवकांना आणि संघटनांना करण्याजोगे बरेच आहे. अशा घड्याळांची निविदा मुळात येऊच नये असा आग्रह धरावा. आलीच, तर त्यात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. बॅटरी स्क्रूने उघडता येणारी आणि बाजारात सुटी मिळणारी असावी. चार्जिंग कामाच्या ठिकाणी, पालिकेच्या विजेवर आणि पालिकेच्या वेळेत व्हावे. घड्याळ बंद असेल त्या दिवशी मुकादमाची वही ग्राह्य धरावी. बंद घड्याळाचा दंड कंत्राटदाराकडून वसूल करावा. आजवर कापलेला पगार हजेरीवहीशी ताडून परत मिळविण्यासाठी कामगारनिहाय नोंदी गोळा करण्याचे काम युनियनने आजच हाती घ्यावे.

पदरचे पैसे मोजून पट्टा घेतलेल्या सामान्य ग्राहकाचा रस्ता वेगळा. पिना पुसल्या, अडॅप्टर बदलला, तरी पट्टा जिवंत होत नसेल, तर सेवाकेंद्राकडून ‘दुरुस्ती होत नाही’ हे उत्तर लेखी मागावे, पावती जपावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर नोंद करावी. तेथे निकाल लागला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क पडत नाही, वकील लावावाच लागतो असेही नाही; मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.