विष्णुपुरीच्या आधी हदगाव

30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके. बरेच रुग्ण बाहेरून अत्यवस्थ स्थितीत आले होते, असा खुलासा झाला. तो खराच मानू. पण अत्यवस्थ होईपर्यंत ते होते कुठे?

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावची रोजंदारीवरची बाळंतीण विष्णुपुरी गाठते ती साठहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवून, मजुरी बुडवून, ‘पुढे न्या’ची चिठ्ठी घेऊन. ज्याची बागायत आणि दारात गाडी, तो थेट खाजगी दवाखान्यात जातो. भूमिहीन दलित आणि आंध आदिवासी यांच्या वाट्याला विष्णुपुरी. आजार जात विचारत नाही म्हणतात. उपचाराला होणारा उशीर विचारतो.

हदगाव ज्या हिंगोली मतदारसंघात येते, तिथले तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी या मृत्यूंनंतर विष्णुपुरीच्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पाटील यांच्यावर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. (खाटा, परिचारिका आणि औषधांचा हिशेब झाडूने कसा लागणार होता, कोण जाणे.) मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, चर्चा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयापाशीच थांबली, तालुक्यांपर्यंत पोहोचली नाही.

आमची मागणी साधी आहे. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर येथील सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांची किती पदे भरली, किती रिकामी, हे आरोग्य विभागाने दर महिन्याला त्या रुग्णालयाच्या दारावरच लिहावे.