‘वेंधळी’ असण्याला नाव मिळतं तेव्हा

ऑक्टोबर २०२४मध्ये आलिया भट्टने एका मुलाखतीत सांगितलं की, मानसशास्त्रीय चाचणी करून घेतल्यावर आपल्याला एडीएचडी असल्याचं कळलं. शाळेत असल्यापासून वर्गात बसल्या बसल्या तिचं मन भलतीकडेच जायचं. कॅमेऱ्यासमोर आणि मुलीजवळ असताना तेवढी ती शांत असते, असंही ती म्हणाली. बातमी दोन दिवस चालली आणि विरली. नटीची बातमी म्हणून आपणही सोडून दिली असती. पण जुहूत वाढलेल्या, सगळी साधनं हाताशी असलेल्या मुलीला हे तिशी ओलांडल्यावर कळत असेल, तर त्याच उपनगरात, अंधेरी-बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या बाईला कधी कळणार?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नाव फसवं आहे. या माणसांना लक्ष देताच येत नाही असं नसतं. आवडीच्या कामात ती चार-चार तास हरवून जातात, पण लाइट बिल भरायला उठणं काही जमत नाही. लक्ष कुठे लावायचं, कुठून काढायचं, कामाला सुरुवात कधी करायची, याची मेंदूतली व्यवस्था जन्मापासूनच वेगळी चालते. मुलांमध्ये ते पटकन दिसतं, कारण मुलगा बाकावरून उड्या मारतो. मुलगी खिडकीबाहेर बघत बसते. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ एवढाच शेरा पडतो. पुढे घरात धांदरट, विसरभोळी, वेंधळी ही विशेषणं चिकटतात आणि ती लग्नानंतर सासरीही सोबत येतात.

यात शाळेतल्या बाईंचाही फार दोष नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ‘अटेन्शन डेफिसिट’ हे नावच १९८०मध्ये आलं. त्यानंतरही बरीच वर्षं लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, अशी अट होती. ती २०१३मध्ये बारा वर्षांवर आली आणि मोठ्यांसाठी आवश्यक लक्षणांची संख्या सहावरून पाच झाली. म्हणजे १९७८ साली घाटकोपरच्या शाळेत चौथीत असलेल्या मुलीचं निदान होणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे २००७मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. पण तो पोचला मुलांपुरता. आईकडे कोण बघतंय?

मला वाटतं, उपनगरातल्या नोकरदार बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. त्यांना लोकलच्या वेळापत्रकाने सावरून धरलं. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ला सुरू झाली. तिच्या आधी काय आणि नंतर काय, अमुक मिनिटाची गाडी चुकली की मस्टरवर लाल शेरा, हे भय पहाटेपासून पाठीशी उभं असायचं. गाडीत ठरलेला ग्रुप, ठरलेली जागा, भाजी निवडायलाही तीच वेळ. बाहेरचं घड्याळ इतकं कडक असलं की आतलं घड्याळ बिघडलेलं आहे, हे लपून जातं.

मग मार्च २०२०मध्ये लोकल थांबली. बायकांना पुन्हा प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबर २०२०ला, तीही गर्दीच्या वेळा सोडून. मधल्या काळात ऑफिस, शाळा, स्वयंपाक सगळं एकाच टेबलावर आलं. तेव्हा काहीजणींना पहिल्यांदा जाणवलं, की वेळेची चौकट काढली की आपण पार विस्कटतो. व्हीआरएस घेतल्यावरही हेच होतं. आणि चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होऊ लागलं की विसरणं, चिडणं आणखी वाढतं, असा अनेकींचा अनुभव असतो.

पुष्कळ बायका तपासणीपर्यंत पोचतात त्या मुलामुळे. मुलाला दाखवायला न्यावं, डॉक्टरांच्या फॉर्ममधले प्रश्न वाचावेत आणि ‘अहो, हे तर माझंच वर्णन आहे’ असं वाटावं. त्यात नवल नाही, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

याचा अर्थ चार रील्स बघून आपणच निदान करून मोकळं व्हावं, असा नाही. किल्ली कुठे ठेवली ते आपण सगळेच विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणी आहे, पण ती फक्त पुढे तपासणी हवी का एवढंच सांगते. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य यांतही मन असंच भरकटतं. डॉक्टर लहानपणाबद्दल खोदून विचारतात ते त्यासाठीच. लक्षणं तेव्हापासून होती का, हे शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारून जावं. खासगी फी परवडत नसेल तर कूपर, सायन, केईएम, नायर इथे मानसोपचार विभाग आहेत. नुसतं बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून सुरू आहे.

कायद्याकडून मात्र फार अपेक्षा नको. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे ऑफिसात सवलत मागायला हाती कागद नसतो, आणि सांगावं तर ‘ही कामाची नाही’ हा शिक्का बसण्याची भीती. अनेकजणी गप्प राहतात. त्यांना दोष देववत नाही.

औषधं आहेत आणि अनेकांना उपयोगी पडतात. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं मुख्य. ते शेड्यूल एक्समध्ये मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो. त्याने ‘एवढं कडक औषध?’ म्हणून वर-खाली बघितलं तरी बिचकू नये, तो नियमच आहे.

पण गोळीने घरातली वाटणी बदलत नाही. रेशनची यादी, गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांची पॅरेंट्स मीटिंग, पाहुण्यांचा आहेर, हे सगळं एकाच डोक्यात का असावं? नवरा विसरला तर ‘त्याला ऑफिसचं टेन्शन’, बायको विसरली तर ‘हिचं लक्षच नाही घरात’. निदान झाल्यावर नवऱ्याला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावं. फ्रिजवर कॅलेंडर लावलं तर त्यात त्यानेही लिहावं, बिलांचं खातं त्याच्याकडे जावं, आणि दूध गॅसवर ठेवलं की टायमर लावायचं काम, जो ठेवेल त्याचं.