हौदात उतरण्यापूर्वी

पेवात धान्य साठविण्याची रीत मराठवाड्यातून आता जवळजवळ उठून गेली आहे. परंतु ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना एक गोष्ट खचित आठवत असेल. पेवाचे तोंड उघडले की घरातील कर्ता माणूस सर्वांना मागे सारीत असे. कितीही घाई असो, दाराशी व्यापाऱ्याची गाडी उभी असो, कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज तो कोणाला आत उतरू देत नसे. धान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो व तळाशी साचून राहतो, हे त्या माणसाला कोणी शिकविले नव्हते. पेव माणूस खाते, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. ज्ञान आणि अधिकार ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असत, आणि तो माणूस पेवाच्या तोंडाशी उभा असे.

पेवे गेली, कारखाने आले. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक परिसरातील एका खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. प्रथम उतरलेले वर येईनात म्हणून त्यांना काढावयास दुसरे उतरले, आणि तेही परत आले नाहीत. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, शौचालयाची टाकी उपसताना पाच सफाई कामगारांचा असाच अंत झाला. त्या प्रकरणांचा न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. जे शहाणपण पेवाच्या तोंडाशी होते, ते टाकीच्या तोंडाशी का असू नये?

ज्ञानाची उणीव आहे असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात. त्यांपैकी पहिल्याचा दर्प प्रथम येतो, आणि प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारून टाकतो. ‘आता वास येत नाही, म्हणजे हवा शुद्ध झाली’ असे समजून माणूस पुढे होतो, तो मृत्यूच्याच दारात. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. आणि कंदील सोडून पाहण्याची जुनी युक्ती तर मिथेन असेल तेथे स्फोटालाच आमंत्रण. हवेतील प्राणवायू व विषारी वायू मोजणारे उपकरण, यंत्राने खेळविलेली हवा, कमरेचा पट्टा, त्याला बांधलेला दोर आणि तो दोर धरून बाहेर उभा असलेला जागरूक माणूस, हे यावरचे उपाय आहेत. त्यांत नवे असे काहीच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात जाणत्या माणसाचा लेखी दाखला, श्वसनाचे साधन, पट्टा व दोर यांची तरतूद सविस्तर केलेली होती. स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी देशाने जे लिहून ठेवले, ते सत्तर वर्षांनंतरही हौदाच्या काठापर्यंत पोहोचले नाही, याला काय म्हणावे?

तो कायदा आता इतिहासजमा झाला असून, २०२० साली मंजूर झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. या संहितेत चांगले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नेमणुकीचे पत्र आणि वार्षिक आरोग्यतपासणी यांची जबाबदारी तिने मालकावर टाकली आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्यास होती, ती आता पाचशेंच्या कारखान्यास लागू झाली आहे. परंतु ज्या डाळमिलीत पंधरा माणसे राबतात, तिने या सुधारणेचे काय करावयाचे? मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणावयास दहा कामगार पुरत. नव्या संहितेत वीस लागतात. दहांहून अधिक माणसांची जागा आस्थापना म्हणून संहितेच्या कक्षेत राहते हे खरे. पण कारखान्यांसाठीच्या खास कलमांची छाया तिच्यावरून सरकते. आणि लातूरच्या डाळमिली व तेलघाण्या, नांदेडकडील जिनिंग-प्रेसिंग, दोन्ही शहरांतील वेल्डिंगची दुकाने आणि इमारतींची कामे यांत अशा लहान जागाच फार आहेत. तेथे सुरक्षा अधिकारी कधी जाणार नाही आणि निरीक्षक क्वचितच जाईल.

नेमकी येथेच इंटरनेटवरील नवी साधने उपयोगी पडण्यासारखी आहेत, आणि म्हणून आम्ही त्यांचे स्वागत करतो. युरोपीय संघाच्या बिल्बाओ येथील संस्थेने २०११ साली लहान उद्योगांसाठी ‘ओइरा’ नावाचे एक साधन विनामूल्य खुले केले. त्याची कल्पना साधी आहे. बेकरीवाल्यासाठी वेगळी, केशकर्तनालयासाठी वेगळी, अशी धंदेवार प्रश्नमाला. मालकाने एकेका प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. जेथे उणीव दिसेल तेथे धोका किती मोठा ते ठरवावयाचे. आणि अखेरीस कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, याची यादी हाती घ्यावयाची. सल्लागाराची फी नाही, जाड ग्रंथ नाही. धंदा त्याचा आणि भाषाही त्याची, यातच त्या साधनाचे मर्म आहे. डाळमिलीचा पट्टा, सोयाबीनच्या पेंडीची धूळ, हमालाच्या पाठीवरचे पोते आणि सांडपाण्याचा हौद यांविषयी मराठीत विचारणारी प्रश्नमाला आमच्याकडे अशीच घडविता येणार नाही काय? नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्ही शहरांतील तंत्रनिकेतने, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, उद्योजकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना यांनी मनात आणले, तर एका वर्षात हे काम उभे राहू शकेल.

मात्र येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. लातूरने परीक्षेच्या तयारीचा आपला ‘पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्राला शिकविला. प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवून घेण्याची ही पद्धत मुलांना यश देऊन गेली, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु परीक्षेत चुकलेल्या उत्तराचा एक गुण जातो. हौदात चुकलेल्या उत्तराने प्राण जातो. कचेरीत पंख्याखाली बसून हिशेबनिसाने सर्व प्रश्नांपुढे ‘होय’ अशी खूण केली, ठेकेदाराच्या माणसांची नावे शिकाऊंच्या यादीत भरली आणि प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर टांगली, तर ते साधन धोका कमी करण्याऐवजी झाकून टाकील. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, बिल्ले लागतात, शपथा होतात. ५ मार्चला किती ठिकाणी दोर व पट्टा जागेवर सापडतो, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, हे शिक्षण जो उतरणार त्याला मिळाले पाहिजे. तो ठेकेदाराचा असो वा एका दिवसाच्या रोजाचा असो. त्याला वाचता येत नसेल तर मोबाईलवरून त्याच्या बोलीत ऐकविता आले पाहिजे, आणि तो परप्रांतीय असेल तर हिंदीत. दुसरी, उत्तरे हौदाच्या काठावर भरली जावीत आणि त्यांखाली मालकाइतकीच उतरणाऱ्याची सही किंवा अंगठा असावा. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, ‘मी उतरणार नाही’ असे म्हणणाऱ्याचा रोज बुडता कामा नये. बुडणारा रोज डोळ्यांसमोर असेल तर जगातील कोणतेही प्रशिक्षण त्याला थांबवू शकणार नाही.

कामाची जागा म्हणजे केवळ कारखाना, अशीही समजूत कोणी करून घेऊ नये. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींचे प्राण गेले. त्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून शेतकामासाठी निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी सुरक्षा अधिकारी कोण होता? शेताच्या वाटेवरील विहीर आणि माणसांनी भरलेली ट्रॉली हेही धोक्याच्या यादीतील प्रश्न आहेत, आणि ग्रामपंचायतीने ते विचारावयास हवेत.

आणि हे सारे मालक, मजूर व सरकार यांच्यातील प्रकरण आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे आमच्या सुशिक्षित वाचकांस वाटत असेल, तर त्यांनी आपल्या इमारतीच्या मागे जाऊन शौचालयाच्या टाकीचे झाकण पाहावे. ती तुंबली म्हणजे कोणाला बोलाविले जाते, तो काय घालून उतरतो, हे सोसायटीच्या बैठकीत कधी विचारले गेले आहे काय? संरक्षक साधनांवाचून कोणास तेथे उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण त्या रकमेने घरातील कर्ता माणूस परत येत नाही.

नवी साधने अवश्य यावीत. ती मराठीत यावीत, लवकर यावीत. परंतु त्यांची परीक्षा पडद्यावर होणार नाही. झाकण उघडले आहे, काम अडले आहे, मुकादम घाई करतो आहे, अशा वेळी कोणीतरी सर्वांना मागे सारून ‘थांबा’ म्हणतो की नाही, आणि त्याचे ऐकले जाते की नाही, यावरच ती ठरेल. आपल्या आज्यापणज्यांनी हा शब्द धान्याच्या पेवापाशी उच्चारला होता. तो आपल्याला नव्याने शिकावा लागत असेल, तर त्यात लाज नाही. न शिकण्यात मात्र आहे.