डोळ्यांचाही टीबी होतो!

टीबी म्हटले की खोकला, ताप आणि थुंकीतले रक्त एवढेच आपल्याला आठवते. परंतु हा रोग डोळ्यांतही होतो आणि माणसाची नजर घेऊन जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरतो. पुष्कळांच्या शरीरात तो निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती खालावली की तो डोके वर काढतो आणि रक्तावाटे डोळ्यापर्यंतही पोहोचतो. एचआयव्हीची लागण, मधुमेह, अपुरा आहार, दीर्घकाळ चाललेली स्टिरॉईडची औषधे, ही त्याची कारणे. अशा माणसाला खोकला नसला तरी डोळ्याचा टीबी असू शकतो.

नजर धुरकट होते, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात, डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही. कधी काहीच दुखत नाही, फक्त दिसणे कमी होते. आपण म्हणतो, "नंबर वाढला असेल," आणि मेडिकलमधून थेंब आणतो. त्यात स्टिरॉईड असले तर लाली जाते, बरे वाटते. पण आत रोग वाढतच राहतो. डोळ्याचा आतला पडदा खराब झाला, तर गेलेली नजर परत येईलच असे नाही.

म्हणून सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एचआयव्ही असेल तर लाजेपोटी लपवू नका. ते कळले नाही तर डॉक्टरांचे निदान चुकू शकते. टीबीची औषधे सहा महिने किंवा अधिक घ्यावी लागतात. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. एचआयव्हीची औषधेही मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून टीबीच्या रुग्णाला आहारासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. तो आपला हक्क आहे, नाव नोंदवून घ्या.

आणखी एक. टीबीच्या औषधांतील इथॅम्ब्युटॉल या गोळीने क्वचित नजर मंदावते, लाल-हिरवा रंग ओळखेनासा होतो. तसे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मनाने सगळी औषधे बंद करू नका.

भगिनींनो, बंधूंनो, एका ताटात जेवल्याने किंवा डोळ्यांत पाहिल्याने टीबी लागत नाही. घरातल्या रुग्णाला बाजूला टाकू नका. त्याला "नीट दिसते ना?" एवढे विचारा, आणि नसेल दिसत तर उद्यावर न टाकता दवाखान्यात घेऊन जा, ही आमची कळकळीची विनंती.