धावपट्टीवरचा पहारा

6 मे 2021 रोजी नागपूरच्या विमानतळावरून रुग्णाला घेऊन निघालेल्या एका लहान विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून खाली पडले. बीचक्राफ्ट किंग एअर जातीचे हे विमान बागडोगऱ्याहून मुंबईस जाताना नागपुरास थांबले होते. आत दोन वैमानिक, डॉक्टर, त्यांचा सहायक आणि रुग्ण असे पाच जीव होते. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, वैमानिकाने विमान पोटावर उतरविले आणि पाचही जण सुखरूप बाहेर आले.

वैमानिकाच्या धैर्याची वाखाणणी झाली, ती यथार्थच होती. परंतु चाक पडताना पाहिले कोणी? केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या एका साध्या शिपायाने! त्याने तत्काळ वर्दी दिली आणि ती नियंत्रण कक्षाकडे गेली. विमान एकाच चाकावर टेकले असते तर ते एका अंगास कलंडून पंख जमिनीवर आपटण्याचा आणि इंधन पेटण्याचा धोका होता. आधी कळले म्हणूनच पोटावर उतरण्याची आणि अग्निशामकांना सज्ज राहण्याची सवड मिळाली. असल्या पहाऱ्याचे उत्पन्न कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. काटकसरीची कुऱ्हाड मात्र प्रथम अशाच जागांवर पडते.

यवतमाळच्या साथींनी या घटनेकडे मुद्दाम पाहावे. आपल्या जिल्ह्यालाही धावपट्टी आहे. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद येथील विमानतळांसह ती एका खासगी कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. 95 वर्षे! आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बँक एका हंगामाची मुदत देताना खळखळ करते. पुढे 2023 मध्ये हे विमानतळ परत घेण्याची भाषा शासनालाच करावी लागली.

विमानाने रुग्ण हलविणे परवडते कोणाला, हा प्रश्न आहेच. त्यावर पुन्हा केव्हातरी. पण विमानसेवेच्या मागणीची निवेदने देताना आपण केवळ धावपट्टीची लांबी आणि तिकिटाचा दर एवढेच बोलत आलो, ही आपलीही चूक आहे. पहाऱ्यावर किती माणसे असतील, अग्निशामक दलात किती, ती कायम असतील की कंत्राटी, आणि रात्रपाळीनंतर त्यांना विश्रांती कोठे मिळेल, हे पुढच्या निवेदनात पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे.